फोल्डरमधला चोर

जुना लॅपटॉप त्या दुकानदाराला देऊन टाकला असता, तर आज मी सासुरवाडीला मान वर करून जेवलो असतो. जुना परत घेऊन नव्या लॅपटॉपबरोबर एक माउस फुकट द्यायला तो तयार होता. पण मला वाटलं, हा माणूस इतक्या आनंदाने माउस देतोय म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपात अजून काहीतरी दम असणार. (संशय हा माझा स्वभाव आहे. बायकोचं म्हणणं असं, की संशय घ्यायला हरकत नाही, पण कधीतरी तो योग्य जागी घ्यावा.) तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "नको. हा मी सासऱ्यांना देणार आहे."

शेजारी बायको उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. आता शब्द मागे घेणं शक्य नव्हतं.

दुकानातल्या बाईंनी माझं जुन्यातलं सामान नव्यात टाकायला घेतलं. बराच वेळ खटखट करून त्या म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या फायली वर गेल्या." मी दचकलो. आमच्याकडे वर गेलेलं कुणी परत आलेलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, वर म्हणजे क्लाउडवर. घरी, ऑफिसात, कुठेही आपल्या नावाने उघडायचं. खाली केलं ते वर होतं, वर झालं ते सगळीकडे खाली येतं, आणि त्याला सिंक होणं म्हणतात. मी मान डोलावली. (न कळलेल्या गोष्टीला मान डोलावणे या एका गुणावर माझी आजवरची नोकरी झाली आहे.) जुन्या लॅपटॉपातलं सामान आता त्यात दिसणार नाही, जागा मोकळी केली आहे, असंही त्या म्हणाल्या. आणि शेवटी म्हणाल्या, "फक्त यातून साइन आउट तेवढं करा."

मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्या पावतीपुस्तकावर सही केली. बाईंनी एकदा पावतीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, पण मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते बँकेत होते, आणि तिथे त्यांचं काम एकच, सह्या तपासणं. चेकवरची सही आणि बँकेतली नमुन्याची सही शेजारीशेजारी ठेवायची आणि भिंगातून बघायची. जन्मभर हे केल्यावर माणसाचा माणसावर विश्वास राहत नाही. दूधवाला म्हणाला, की आज दूध अगदी ताजं आहे, तर हे विचारतात, "म्हणजे काल नव्हतं?" आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. माझी सही झाल्यावर ते मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, शेवटचं अक्षर घाबरलेलं आहे, अजून विचार कर. हे तिने मला नंतर सांगितलं. अक्षर घाबरलेलं होतं हे खरं आहे, पण समोर सासरे भिंग घेऊन उभे असताना कुठल्या जावयाचं अक्षर ताठ राहील?

सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस एकदम बंद पडला. दिवसभर खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. संशयसुद्धा घेईनात, तेव्हा बायको खरी घाबरली. आणि मग एक दिवस ते पुस्तक लिहायला लागले. नाव 'सह्या आणि माणसं'. जन्मभर पाहिलेल्या सह्या, त्यामागची माणसं, कुणाचा हात कधी आणि का कापला, असं सगळं. पुस्तक सुरू झाल्यापासून ते वेळेवर जेवायला लागले, रोज दाढी करायला लागले आणि माझ्याशी पुन्हा वाकडं बोलायला लागले. "पुस्तक आहे म्हणून बाबा आहेत," असं बायको म्हणायची. म्हणताना हसायची, पण ती ते गमतीने म्हणत नव्हती.

लॅपटॉप त्यांनी आधी उलटा करून बघितला. मग मला विचारलं, "जावईबापू, यात तुमचं काही राहिलेलं नाही ना?"

"काही नाही. माझं सगळं वर गेलं."

"अरेरे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा मायेने पाहिलं.

मग त्यांनी एका बोटाने टायपिंग सुरू केलं. हाताने लिहिलेलं एकेक पान बघून लॅपटॉपवर उतरवायचं आणि उतरवून झालं की कागद बारीक फाडून टाकायचा. बायको म्हणाली, अहो बाबा, कागद राहू द्या की. तर म्हणाले, एका गोष्टीच्या दोन प्रती म्हणजे चोराला दोन दारं. म्हणता म्हणता अख्खं पुस्तक लॅपटॉपात गेलं आणि कागदाचा कपटा उरला नाही.

इकडे मी माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही तेच क्लाउड सुरू करून घेतलं होतं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. नळाला पाणी नाही अशी तक्रार आली की 'आपली तक्रार प्राप्त झाली' असं उत्तर पाठवणं हे माझं काम. (पाणी पाठवणं दुसऱ्या विभागाकडे आहे.) आता ही उत्तरं मला घरूनही लिहिता येणार होती. मी ती लिहीत नव्हतो, पण येणार होती.

आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. कुणी काहीही तक्रार घेऊन गेलं की ते आधी विचारतात, "पासवर्ड बदलला का?" म्हणून सगळे त्यांना पासवर्डच म्हणतात. या पासवर्डने त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना जमवून दम भरला. अनोळखी फाइल दिसली तर उघडायची नाही. उघडली की आतून काय निघेल सांगता येत नाही. कुणी उघडली आणि ऑफिस बंद पडलं, तर त्याने आपलं सामान बांधायला लागावं.

आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या क्लाउडमध्ये, माझ्या फायलींच्या शेजारी, एक फोल्डर येऊन बसलं होतं. मी केलेलं नव्हतं. नाव होतं, 'गोपनीय - उघडू नये'.

पासवर्डकडे जावं, तर तो म्हणणार, तुम्हीच काहीतरी उघडलं असणार. फोल्डर पुसावं, तर पुसताना उघडलं तर काय घ्या? शेवटी विचार केला, उघडायचं नाही, पण नाव बदलायला काय हरकत आहे? बंद पाकिटावर बाहेरून लिहिल्यासारखंच ते. मला त्या घुसखोराला खडसावून विचारायचं होतं, 'ही जागा तुझी आहे?' पण कॉम्प्युटर म्हणाला, फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. चालत नाही तर नाही. मी प्रश्नचिन्ह काढलं आणि बाकीचं तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोल्डरचं नाव होतं, 'आहेच. मान्य केल्याबद्दल आभार. आता निघा'.

मी खुर्चीत बसल्या बसल्या मागे वळून पाहिलं. सगळे आपापल्या कामात होते, म्हणजे चहा पीत होते. चोर आपल्याला अहोजाहो करतोय याची मला जास्त भीती वाटली. शिव्या देणारा चोर परवडला, सभ्य चोराचा अंदाज येत नाही. मी चेहरा कडक करून लिहिलं, 'मुकाट्याने निघून जा. मी पोलीसांना कळवीन'.

उत्तर आलं, 'जरूर कळवा. पण पोलिसांना असे लिहावे. लि ऱ्हस्व'.

चोराने आमच्या घरात शिरून आमच्याच वेलांट्यांच्या चुका काढाव्यात, हे मला फार लागलं. ऑफिसात मी शुद्धलेखनाबद्दल बोलणी खाल्ली आहेत, नाही असं नाही, पण ती पगार देणाऱ्यांकडून.

रविवारी आम्ही सासऱ्यांकडे जेवायला गेलो. बायको स्वयंपाकघरात गेल्याबरोबर सासऱ्यांनी मला खिडकीशी बोलावलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. हळूच म्हणाले, या यंत्रात कुणीतरी शिरतंय. मी कुलूप लावून झोपतो, पंखा दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा आत घेतलं नाही, तरी सकाळी बघावं तर माझ्या फोल्डरचं नाव बदललेलं असतं. आणि भाषा तर अशी, की लिहिणाऱ्याला शाळेत कुणी घातलं होतं का याचीच शंका यावी.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्यांचा हात धरला आणि माझीही हकीकत सांगितली. माझ्याकडेही एक आहे. नको ते फोल्डर आणून ठेवलंय आणि वर माझ्या चुका काढतो. सासऱ्यांनी विचार केला आणि म्हणाले, "एकच टोळी दिसते."

(इथे तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. तुम्हाला आयता सांगणारा भेटला आहे, आम्हाला नव्हता.)

लग्न झाल्यापासून आमचं दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचा तो पहिला दिवस. बायकोला सांगायचं नाही, उगाच काळजी करेल, हेही आम्ही एकमताने ठरवलं. मग एकमेकांना मदत करायची ठरली. सासरे म्हणाले, तुमच्या चोराला लिहा, की 'स्वतःच्या नावाची सही करून दाखव, मग बोल'. चोर सहीला घाबरतो, हा त्यांचा अनुभव. मीही त्यांना माझ्याकडून एक वाक्य दिलं. तुमच्या चोराला म्हणावं, 'तुझ्या घरचा नळ कोरडा पडो'. आमच्या खात्यात यापेक्षा मोठा शाप नाही. त्यांनाही तो आवडला. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजीचं पातेलं आपणहून माझ्याकडे सरकवलं. बायको आमच्या तोंडाकडे बघत राहिली.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी सासऱ्यांचं वाक्य लिहिलं. संध्याकाळी निघायच्या वेळी बघतो, तर फोल्डरवर उत्तर: 'तुझ्या घरचा नळ कोरडा पडो'.

माझंच वाक्य! शब्द न् शब्द. मी ते जगात फक्त एका माणसाला, एका खिडकीशी, कुजबुजून सांगितलं होतं. घरी पोचतो तोच सासऱ्यांचा फोन आला. "तो ऐकतोय," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. त्यांनी मला दिलेलं वाक्य त्यांच्या चोराने त्यांच्यावर फेकलं होतं. म्हणजे त्या खिडकीशी झालेलं बोलणं फुटलं होतं. भिंतीत कुठेतरी कान बसवलेला होता.

त्यानंतरच्या रविवारी सासऱ्यांकडे लॅपटॉप कपाटात होता, दोन गोधड्यांखाली. सासरे बोटाने खुणा करून बोलत होते. बायको भांडी घासायला लागल्यावर त्यांनी मला न्हाणीघरात नेलं, आतून कडी लावली आणि नळ मोठा सोडला. मी पालथ्या बादलीवर बसलो. ते उभे राहिले. पाण्याच्या आवाजात आमची बैठक झाली. (पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाने पाणी असं वाया घालवणं बरं दिसत नाही, पण वेळच तशी होती.)

सासरे म्हणाले, बोलाचाली पुष्कळ झाली. चोराचं सामान आपल्या घरात ठेवायचं म्हणजे काय? "तुम्ही ते फोल्डर काढून टाका. न उघडता. उद्या गेल्यावर पहिलं काम ते."

"आणि आत काही महत्त्वाचं असलं तर?"

"चोराचं महत्त्वाचं? त्याला रडू दे की. आणि कचऱ्याच्या टोपलीतूनही काढा. अर्धवट काम करू नका, तुमची ती सवय आहे."

मी त्यांना विचारलं, तुमच्या चोराचं काय करणार? ते म्हणाले, मी काही पुसू शकत नाही, ते फोल्डर माझंच आहे. तुम्हीच सुचवा काहीतरी जबर. मी सुचवलं, त्याला लिहा, 'आज तुझा शेवट'. त्यांनी नळ बंद करायच्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल माझं मत जरा चुकलंच होतं." मी उठून बादली सुलटी करून ठेवली.

आम्ही दोघं न्हाणीघरातून एकापाठोपाठ एक बाहेर आलो, तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग विचारलं, दोघांपैकी कुणाला काय झालंय ते मला आत्ता सांगा. आम्ही म्हणालो, कुणाला काही नाही. तिचा विश्वास बसला नाही. ती शाळेत गणित शिकवते, दोन माणसं आणि एक न्हाणीघर यांचं उत्तर 'काही नाही' येत नाही हे तिला कळतं.

सोमवारी ऑफिसात गेलो. जेवणाचा डबाही नीट ठेवला नाही, आधी कॉम्प्युटर उघडला. फोल्डरचं नाव बदललेलं होतं. 'आज तुझा शेवट'. चोराने मलाच धमकी दिली होती. एरवी मी अर्धा दिवस रजा टाकून घरी गेलो असतो, पण पाठीशी सासरे होते. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की पुसायचं? मी म्हणालो, नक्की. कचऱ्याची टोपली उघडली, तिथून काढू? तिथूनही काढ. परत येणार नाही. नकोच येऊ दे. जन्मात पहिल्यांदा मी एखादं काम पूर्ण केलं होतं. त्या आनंदात मी एका तक्रारदाराला पाणी का येत नाही याचं खरं कारणही कळवून टाकलं.

दुपारी बायकोचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "बाबांकडे या," ती म्हणाली. "लगेच या."

मी रिक्षा केली. वाटेत मनात नाही नाही ते आलं. पोचलो तर सासरे टेबलाशी बसले होते, लॅपटॉप पुढ्यात उघडा, दोन्ही हात टेबलावर पालथे. शेजारी सकाळचा चहा साय धरून तसाच पडला होता. बायको त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"नेलं," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अंघोळीला गेलो होतो, तेवढ्यात नेलं. पुस्तक गेलं."

मी विचारलं, सगळं? ते म्हणाले सगळं. मग म्हणाले, "हिच्या आईच्या सहीवर लिहिलं होतं मी. शेवटी दवाखान्यात तिने सही केली होती ना, ती. हात इतका कापत होता, तरी शेवटचं अक्षर तिने नीट काढलं. मी बघतोय म्हणून. ते मला आता पुन्हा नाही लिहिता येणार."

बायको तोंड फिरवून रडायला लागली. हा माणूस पुन्हा खिडकीशी खुर्ची ओढून बसणार, आणि या वेळी उठणार नाही, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. धीर द्यायला हवा होता. आणि धीर द्यायची माझी पद्धत अशी आहे, की मी दुसरी काहीतरी चांगली बातमी सांगतो.

मी म्हणालो, "निदान माझा चोर तरी गेला. तुम्ही सांगितलं तसंच केलं. आज सकाळी सगळं पुसलं. टोपलीतूनही काढलं."

बायकोचं रडं थांबलं. तिने विचारलं, कुठला चोर? मग मला नाइलाजाने सगळं सांगावं लागलं, फोल्डर, नावं, खिडकी, न्हाणीघर. मी जसजसं सांगत गेलो तसतसा तिचा चेहरा बदलत गेला. पाढा चुकणाऱ्या मुलाकडे ती कशी बघत असेल, याचा मला अंदाज आला.

"त्या फोल्डरचं शेवटचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

"'आज तुझा शेवट'."

सासऱ्यांनी मान वर केली. "ते मी लिहिलं होतं."

"हो, मीच सुचवलं होतं ना तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. फार सावकाश, नमुन्याची सही शेजारी ठेवून बघावी तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"'पोलीसांना' लिहिणारे तुम्ही?"

मी हो म्हणायच्या ऐवजी म्हणालो, "लि ऱ्हस्व." तोंडातून निघून गेलं. काय करणार?

मला वाटलं, आता भिंग फेकून मारतील. पण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे पुसा म्हणून मीच सांगितलं." ते मला भिंगापेक्षा जास्त लागलं.

बायकोने आमच्यापैकी कुणालाही काही विचारलं नाही. माझ्या खिशातून फोन काढून घेतला आणि पासवर्डला लावला. पासवर्डने अर्थातच आधी विचारलं, पासवर्ड बदलला का? बायकोने वर्गात वापरतात तो आवाज काढला, तेव्हा तो मुद्द्यावर आला. म्हणाला, त्यांनी रिकामी केली ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरची टोपली, खालची. वर क्लाउडमध्ये वेगळी टोपली असते. पुसलेलं तिथे काही दिवस पडून राहतं. ती त्यांनी रिकामी केली नाही ना?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आठवेना. मी केलं की नाही? शेवटी मी कबूल केलं, की वर आणखी एक टोपली असते हेच मला माहीत नव्हतं. माझ्या अज्ञानाने इतका आनंद कुणाला झाल्याचं मी याआधी पाहिलेलं नाही. बायको अक्षरशः टाळी वाजवून उठली.

लॅपटॉप अजून माझ्याच नावाने चालू होता. (बायकोने विचारलं, साइन आउट का नाही केलं? मी म्हणालो, केलं होतं, पावतीवर आहे. तिने पुढे विचारलं नाही.) तिने वरची टोपली उघडली. माझी रद्दी होती, जुनी उत्तरं होती, आणि मधोमध 'आज तुझा शेवट' बसलं होतं. तिने ते निवडलं आणि परत ठेवायची कळ दाबली. काहीच झालं नाही. एक गोल फिरत राहिलं. सासरे ते गोल बघत होते आणि मी सासऱ्यांना बघत होतो. मी मनात म्हटलं, हे एकदा खाली येऊ दे, मग मी माझ्या नावाखाली जन्मात काही ठेवणार नाही.

मग फोल्डर आलं. मग त्यातली प्रकरणं एकेक करून यायला लागली. सासरे बोट ठेवून नावं वाचत होते. एक नाव आल्यावर ते थांबले. ते उघडलं, आम्हाला दिसू नये म्हणून लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "भूक लागली."

बायको उठून आत गेली, आणि पातेल्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं. सासऱ्यांनी ते पाहिलं, पण काही बोलले नाहीत. तोही त्यांचा मोठेपणाच म्हणायचा.

जेवताना बायकोने कारभार हातात घेतला. म्हणाली, बाबा, आता तुमच्या नावाचं वेगळं खातं काढू. यांच्या खात्यातून तुमचं पुस्तक आजच बाहेर. आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर, ती माझ्याकडे. सासऱ्यांनी घास खाली ठेवला आणि प्रतीला होकार दिला. पण खात्याला म्हणाले नको.

"पुस्तक जावईबापूंच्याच खात्यात राहू दे."

बायकोला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. मलाही तसंच वाटलं. इतकं सगळं होऊनही हा माणूस आपल्या जिवाची वस्तू माझ्या हवाली करत होता. ज्याने दूधवाल्यावर विश्वास ठेवला नाही, पंखेवाल्यावर ठेवला नाही, त्याने माझ्यावर ठेवला. मी म्हणालो, तुम्ही एवढा विश्वास टाकलात, मी त्याला जागेन.

"विश्वास कसला?" सासरे वरण वाढून घेत म्हणाले. "दुसरीकडे ठेवलं आणि गेलं, तर चोर शोधत हिंडावं लागेल. इथून गेलं, तर तो रविवारी जेवायला येतोच."